बोनस, इन्सेंटिव्ह आणि बक्षिसं: कारखानदार आणि एचआरकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः वीस ते दोनशे माणसं कामाला असलेल्या कारखान्यांसाठी आहेत. भोसरी, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा एमआयडीसींमधली मशीन शॉप, प्रेस शॉप आणि पॅकिंग युनिट डोळ्यांसमोर ठेवली आहेत. सेल्स आणि ऑफिसबद्दलचे प्रश्न शेवटाकडे आहेत.

बोनस, इन्सेंटिव्ह, सानुग्रह अनुदान, बक्षीस: नावं वेगळी असली तरी पैसे तेच ना?

नाही. कामगाराच्या मनात या पैशांचे कप्पे वेगळे असतात, कायद्यातही वेगळे आहेत. वार्षिक बोनस हा पात्र कामगाराचा हक्क आहे. इन्सेंटिव्ह म्हणजे आधी जाहीर केलेल्या मापावर मिळणारी जास्तीची रक्कम. सानुग्रह अनुदान देणाऱ्याच्या इच्छेवर असतं. दिवाळीच्या तोंडावर महापालिका कर्मचाऱ्यांना जाहीर होतं ते हेच. आणि बक्षीस म्हणजे एखाद्या ठरावीक कामाची घेतलेली दखल.

सगळ्यात जास्त बिघडतं ते हक्काचे पैसे बक्षीस म्हणून वाटल्यावर. कायद्याने द्यावेच लागणारे ८.३३ टक्के देताना ‘मालक तुमच्यावर खूश आहेत’ असं भाषण झालं, तर समोर बसलेल्या प्रत्येकाला ते आपले हक्काचेच पैसे आहेत हे माहीत असतं. पुढच्या वर्षी खरंच काही जास्तीचं दिलंत, तरी त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

इन्सेंटिव्हने काम खरंच वाढतं का?

काम मोजता येत असेल, एका माणसाच्या हातात असेल आणि पैसे वेळेवर मिळत असतील तर वाढतं. याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण अमेरिकेतल्या सेफलाइट या गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या कंपनीचं आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यात तिथे तासाच्या पगाराऐवजी नगावर पैसे द्यायला सुरुवात झाली. अर्थतज्ज्ञ एडवर्ड लेझिअर यांनी आकडे तपासले, तेव्हा दर माणशी काम ४४ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. त्यातली साधारण निम्मीच वाढ तीच माणसं जास्त राबल्यामुळे झाली होती. बाकीची, वेगाने काम करणारी माणसं टिकली आणि तशीच नवी आली म्हणून. ४४चा आकडा सगळे सांगतात, पण हा दुसरा भाग गाळतात. तुमच्या भागात नवीन ऑपरेटर मिळतच नसेल, तर त्या निम्म्या वाढीची आशा धरू नका.

आपल्या देशातलं उदाहरण उदयपूर भागातलं. तिथल्या सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत शिक्षकांना कॅमेरा दिला होता. शाळा भरताना आणि सुटताना मुलांसोबत फोटो काढायचा, त्यावर तारीख-वेळ उमटायची. महिन्यात दहा दिवसांपर्यंत ५०० रुपये आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली. रक्कम छोटीच होती, पण मोजणीवर वाद घालायला जागा नव्हती आणि प्रत्येक दिवसाला किंमत होती. हे दोन मुद्दे लक्षात ठेवा, खाली ते पुन्हा येतील.

मग रक्कम मोठी लावली तर काम आणखी वाढेल?

काही मर्यादेपर्यंत. मदुराईजवळच्या खेड्यांत झालेल्या एका प्रयोगात लोकांना स्मरणशक्तीचे, एकाग्रतेचे आणि हाताच्या कौशल्याचे सहा खेळ दिले. काहींना दर खेळाला जास्तीत जास्त ४ रुपये, काहींना ४०, काहींना ४००. ४०० लावलेल्यांची कामगिरी सगळ्यात वाईट झाली. त्यांना सहा खेळांत २,४०० रुपये मिळू शकत होते, म्हणजे तिथल्या माणसाचा काही महिन्यांचा खर्च. डोक्यात तोच आकडा फिरत राहिला की हात थरथरतात.

नुसतं पोती उचलण्याचं काम असेल तर मोठ्या रकमेने फारसं नुकसान होत नाही. सेटिंग, वेल्डिंग, तपासणी, डाय फिटिंग अशा लक्ष लागणाऱ्या कामांत होतं. शॉप फ्लोअरवर दरमहा मिळणारा इन्सेंटिव्ह बेसिक अधिक महागाई भत्त्याच्या ५ ते १५ टक्क्यांत ठेवावा, असा आमचा सल्ला आहे. पाच टक्क्यांखाली कुणी लक्ष देत नाही. पंधराच्या वर घरचा हप्ता त्या पैशावर बेतला जातो. मग ऑर्डर कमी झालेल्या महिन्यात घरात रडारड आणि गेटवर भांडण.

टार्गेट ठरवायचं कसं?

बहुतेक योजना इथेच मरतात, म्हणून हिशेब सविस्तर देतो.

समजा, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर एक बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, होतं. शिफ्ट ८ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहांची १०-१० वजा करा, राहिली ४३०. नग लावणं-काढणं धरून एका नगाला ४ मिनिटं लागतात, म्हणजे कागदावर १०७ नग. यातून इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) बदलणं, पहिला नग मोजणं, चिप्स काढणं आणि थकवा यांसाठी १० टक्के सोडा. ९६ नग राहतात. हा तुमचा नॉर्म झाला.

आता रजिस्टर काढा. मागच्या तीन महिन्यांत त्या मशीनवर चांगल्या नगांची सरासरी ८८ आली असेल, तर इन्सेंटिव्ह ८८च्या वर सुरू करा, ९६च्या वर नको. पहिले पैसे पहिल्याच आठवड्यात दिसले पाहिजेत. टार्गेट ९६ ठेवलं, तर आज ८८ काढणारा ऑपरेटर दोन दिवस ९२ काढतो, हातात शून्य पडतं आणि तिसऱ्या दिवशी तो ८८वर परततो. त्याने चार नग जास्त काढून दिले आणि तुम्ही ते फुकट घेतले, हे त्याच्या कायम लक्षात राहतं.

दर समजा ८८च्या वरच्या प्रत्येक चांगल्या नगाला ४ रुपये, वरची मर्यादा १०४ नग. रोज १०० काढणाऱ्याला दिवसाचे ४८ रुपये, २६ दिवसांचे १,२४८. बेसिक-डीए १५,००० असेल तर हे साधारण ८.३ टक्के झाले. तुमच्या बाजूने बघा: नगाची मशीनिंग मजुरी २२ रुपये असेल आणि वीज, इन्सर्ट, कूलंट यांचे ८ गेले, तर जास्तीच्या प्रत्येक नगामागे १४ राहतात. त्यातले ४ त्याचे, १० तुमचे. हा हिशेब कामगारांपासून लपवू नका. त्यांना तो अंदाजाने माहीत असतोच, आणि त्यांचा अंदाज नेहमी तुमच्या खऱ्या आकड्यापेक्षा मोठा असतो.

१०४ची मर्यादा का? त्याच्यावर जायचं तर फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) वाढवावा लागतो किंवा मोजमाप टाळावं लागतं. दोन्हींचा खर्च महिन्याअखेरीस इन्सर्टच्या बिलात आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारीत दिसतो.

लोक टार्गेट सहज ओलांडायला लागले, तर ते वाढवायचं का?

नाही. इथे आमचं मत ठाम आहे. मशीन, फिक्स्चर (नग धरून ठेवणारी जोडणी) किंवा प्रोसेस बदलली तरच टार्गेट बदलायचं, तेही नवा टाइम स्टडी (घड्याळ लावून कामाची मोजणी) करून आणि बोर्डावर कारण लिहून. माणसं जास्त कमवायला लागली म्हणून टार्गेट वर सरकवलं, की सगळे हात राखून काम करायला लागतात. फ्रेडरिक टेलर यांनी अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यात शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हेच पाहिलं होतं: दर कापला जाईल या भीतीने चांगले कामगार मुद्दाम सावकाश काम करायचे आणि नव्याला पहिल्याच आठवड्यात तसं शिकवायचे. आजही कुठल्याही लाइनवर नवा मुलगा जोरात सुटला, की शेजारचा जुना ऑपरेटर त्याला हळूच बाजूला घेतो.

रिजेक्शन वाढलं तर?

मोजायचे फक्त चांगले नग. रिजेक्ट झालेल्या नगाचे पैसे नाहीत, बस्स. एका खराब नगामागे पाच नगांचे पैसे कापायचे असा नियम केला, की खराब नग रिजेक्शनच्या लाल पेटीत न जाता भंगाराच्या ड्रममध्ये तळाशी जातो. कधी मशीनमागे सापडतो, तर कधी चांगल्या मालात मिसळून थेट गिऱ्हाइकाकडे जातो. सेफलाइटमध्ये चुकीची बसवलेली काच त्याच माणसाला बिनपैशांत पुन्हा बसवावी लागे. रिवर्क शक्य असेल तिथे तुम्हीही तेच करा: ज्याचा नग, त्यानेच दुरुस्त करायचा, आणि दुरुस्त झालेला नग एकदाच मोजायचा.

क्वालिटी इन्स्पेक्टरला पास केलेल्या नगांवर इन्सेंटिव्ह कधीच देऊ नका, आणि पकडलेल्या रिजेक्शनवरही नको. पहिल्या योजनेत सगळंच पास होतं, दुसऱ्या योजनेत रोज भांडणं होतात. त्यांची रक्कम गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या मालाशी जोडा. तिचा हिशेब तीन महिन्यांनी करा, कारण तक्रार यायला वेळ लागतो.

मशीन बंद पडलं, वीज गेली, माल आला नाही, तर इन्सेंटिव्हचं काय?

कामगाराच्या हाताबाहेरचा वेळ आधी वजा करा. शिफ्टमध्ये ८६ मिनिटं मशीन बंद होतं, तर ४३०पैकी ३४४ मिनिटं मिळाली, म्हणजे ८० टक्के. त्या दिवशीचा बेस ८८ऐवजी ७० धरा. बंद पडल्याची वेळ ऑपरेटरने लिहायची, सुपरवायझरने त्याच वेळी सही करायची. संध्याकाळी आठवून सही करायची पद्धत ठेवली, तर महिन्याअखेरीस दोघांच्या आठवणी वेगळ्या निघतात.

मेंटेनन्सवाल्यांनाही यात घ्या. ऑपरेटरला नगामागे पैसे मिळतात आणि फिटरला काहीच नाही, मग बेअरिंग बदलायची घाई फिटरला का असावी?

वैयक्तिक द्यायचं की ग्रुपला?

एक माणूस एक मशीन असेल तर वैयक्तिक. कन्व्हेअरवर किंवा असेंब्लीत ग्रुपला, कारण तिथे सगळ्यात हळू स्टेशन ठरवेल तेवढाच माल बाहेर येतो. ग्रुप पाच ते आठ जणांचा बरा. पंधरावर गेला की ‘मी नाही केलं तरी चालेल’ सुरू होतं. हेल्परला वगळू नका. ट्रॉली वेळेवर आली नाही तर ऑपरेटर काय करणार? सगळ्यांना सारखी रक्कम किंवा ग्रेडप्रमाणे थोडा फरक, दोन्ही चालतं. पण वाटणी सुपरवायझरच्या मर्जीवर ठेवली, तर योजना बुडाली म्हणून समजा.

हजेरी बोनस ठेवावा का?

ठेवावा, पण ‘सव्वीसपैकी सव्वीस दिवस तर १,००० रुपये, नाहीतर शून्य’ असा नको. तीन तारखेला एक खाडा झाला की उरलेल्या महिन्यात येण्याचं कारण संपतं. मग तोच माणूस त्या महिन्यात आणखी दोन खाडे करतो. अमेरिकेतल्या एका औद्योगिक लाँड्रीच्या पाच प्लांटांचा अभ्यास झाला आहे. एका प्लांटमध्ये वेळेवर येणाऱ्यांसाठी सोडतीचं बक्षीस ठेवलं होतं. लोक नेमके बक्षिसापुरते वेळ पाळायला लागले, आणि जे आधीपासून प्रामाणिकपणे वेळेवर येत होते त्यांचा हुरूप गेला. त्या प्लांटची कार्यक्षमता १.४ टक्क्यांनी घसरली.

उतरती पायरी ठेवा. खाडा नसेल तर १,०००, एक असेल तर ७००, दोन असतील तर ४००, तीन असतील तर १५०. मंजूर रजा, कामावरची दुखापत आणि प्रसूती रजा हे खाडे नव्हेत. ताप अंगात घेऊन पॉवर प्रेसवर उभा राहिलेला माणूस हजेरीचे ३०० रुपये वाचवतो आणि बोटं गमावतो. ही शक्यता ठेवणारी योजना मुळातच चुकीची आहे.

दुसरं, खाडे कधी होतात तेही बघा. मराठवाड्यातून आलेली मुलं जूनमध्ये पेरणीला जाणार, कोकणातली गणपतीला जाणार, मे महिन्यात लग्नसराई. हे कुठल्याही पैशाने थांबत नाही. महिनाभर आधी रजेचा तक्ता लावा आणि वेळेत सांगून गेलेल्याचा हजेरी बोनस कापू नका. न सांगता होणारे खाडे यानेच कमी होतात. शंभर माणसांच्या शॉपमध्ये आठ जण कधी नसतील हे आधी कळलं, तर प्लॅनिंगचा अर्धा त्रास वाचतो.

‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ आणि नोटीस बोर्डावर फोटो, याचा उपयोग होतो का?

निकष लिहिलेला असेल तर होतो. नसेल तर दोन गोष्टी घडतात. पहिले काही महिने एचआरला आवडणारी माणसं निवडली जातात, नंतर पाळी लावली जाते. सातव्या महिन्यात सगळ्यांना माहीत असतं की यावेळी पॅकिंगचा नंबर.

‘सर्वोत्तम’पेक्षा घडलेलं काम लिहा: ‘दुसऱ्या शिफ्टमध्ये हायड्रॉलिक तेलाची गळती वेळेत पाहून मशीन थांबवलं, पंप वाचला.’ हे वाक्य मॅनेजरने शॉपवर उभं राहून सगळ्यांसमोर म्हटलं, तर त्याला खर्च शून्य आणि पुढच्या गळतीकडे दहा जणांचं लक्ष जातं.

दोघांना वेगळा पगार दिला, तर कमी मिळालेला काम कमी करतो का?

हो, आणि आपल्या देशात यावर नेमका प्रयोग झाला आहे. ओडिशात छोट्या उत्पादन युनिटांमध्ये महिनाभर काही गटांत सगळ्यांना सारखी रोजंदारी दिली, काहींत आधीच्या कामाप्रमाणे कमी-जास्त. तीच रोजंदारी मिळणारी माणसं, शेजाऱ्याला जास्त मिळतंय म्हटल्यावर १८ टक्के अंकांनी कमी दिवस कामावर आली. उत्पादनही पडलं. पण जिथे शेजाऱ्याचं काम खरंच जास्त आहे हे डोळ्यांनी दिसत होतं, तिथे हा परिणाम झालाच नाही.

म्हणून आकडे लपवू नका. रोजचे चांगले नग मशीनप्रमाणे बोर्डावर लावा. पगाराची पाकिटं गुप्त ठेवून शांतता राहते, ही समजूत चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलात तरी जाईल.

दिवाळी बोनसने काम वाढतं का? आणि कायद्याने किती द्यावा लागतो?

काम वाढत नाही, कारण वर्षातून एकदा, सगळ्यांना आणि ठरलेल्या तारखेला मिळणारी रक्कम कुठल्याही एका दिवसाच्या कामाशी जोडलेली नसते. पण उशीर झाला किंवा मागच्या वर्षीपेक्षा कमी झाला, तर काम नक्की घटतं.

याला मोठा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७मध्ये मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी दहा टक्के युद्ध बोनस सुरू केला. पुढे तो बंद झाला, तेव्हा १९२४मध्ये मुंबईत मोठा संप झाला. पुढे १९५०मध्ये नफ्यातून वाटणी करण्याचं सूत्र लवादाने ठरवलं, १९६१मध्ये बोनसचा प्रश्न तपासायला मेहेर आयोग आला आणि १९६५मध्ये कायदा. तेव्हापासून बोनस म्हणजे नंतर मिळणारं वेतन, असंच कामगार मानतात.

किमान ८.३३ टक्के, म्हणजे बारावा हिस्सा किंवा एका महिन्याचं वेतन, आणि कमाल २० टक्के. २१ नोव्हेंबर २०२५पासून १९६५च्या कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ने घेतली, पण हे दोन आकडे तेच आहेत. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागू, वर्षात किमान ३० दिवस काम केलेला कामगार पात्र. जुन्या कायद्यात पात्रतेची मर्यादा महिना २१,००० होती आणि हिशेब ७,००० किंवा किमान वेतन, यांत जास्त असेल त्यावर व्हायचा. संहितेत या मर्यादा सरकार अधिसूचनेने ठरवतं, त्यामुळे दर वर्षी वाटपाआधी चालू अधिसूचना बघा.

उदाहरण: हिशेबासाठी किमान वेतन समजा १३,५०० आहे. वर्षाचे १,६२,०००, त्याचे ८.३३ टक्के म्हणजे साधारण १३,४९५ रुपये. २० टक्क्यांनी ३२,४००. भरपगारी रजा, प्रसूती रजा आणि कामावरच्या अपघातामुळे घरी काढलेले दिवस कामाचेच धरायचे. हे दिवस कापण्याची चूक सगळ्यात जास्त होते. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत पैसे द्यावे लागतात. वर्ष मार्चअखेर संपत असेल तर ३० नोव्हेंबर. पण ऑक्टोबरात दिवाळी असताना नोव्हेंबरात दिलेला बोनस कायद्याने बरोबर असला तरी घरच्यांच्या कामाचा राहत नाही. दिवाळीआधी किमान दहा दिवस द्या. खरेदी व्हायची असते, गावी पैसे पाठवायचे असतात.

रोख द्यावं की वस्तू?

जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांची नोंद करणाऱ्या तात्पुरत्या कामगारांवर प्रयोग झाला. काहींचा पगार अचानक सुमारे वीस टक्क्यांनी वाढवला, तरी काम फारसं वाढलं नाही. काहींना तेवढ्याच किमतीचा, छान कागदात गुंडाळलेला थर्मास दिला, तर काम सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे दिलेल्या वस्तूत कुणीतरी आपला विचार केला हे दिसलं पाहिजे.

आपल्याकडच्या मिठाईच्या बॉक्सात ते दिसतं का, हे तपासा. ऑफिसच्या माणसांना सुकामेव्याचा अर्धा किलोचा बॉक्स आणि शॉपवर सोनपापडीचा पाव किलोचा, हे गेटवर एकाच रांगेत उभं राहून सगळे बघतात. एकच बॉक्स, सगळ्यांना सारखा, ठेकेदाराच्या माणसांनाही. त्यात दीडशे रुपये जास्त गेले तरी ते वर्षभराच्या इन्सेंटिव्हपेक्षा जास्त बोलतात.

वस्तू पगाराच्या जागी मात्र चालत नाही. बोनस, ओव्हरटाइम आणि इन्सेंटिव्ह पैशांतच. ओव्हरटाइम दुप्पट दराने आणि वेगळा. तो इन्सेंटिव्हमध्ये गुंडाळता येत नाही.

पैशाने कामातली गोडी जाते, असं म्हणतात. खरं का?

काही कामांत. १९७१मध्ये एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना कोडी सोडवायचे पैसे दिले. पैसे थांबल्यावर ते फावल्या वेळात कोड्यांकडे कमी वळायला लागले. त्यांना मुळात कोडी आवडत होती, हा यातला मुख्य मुद्दा आहे. दिवसभर एकच बुश काढण्यात कुणाला अशी गोडी नसते, तिथे ही भीती नको. टूलरूममधला कारागीर, डिझायनर, नवा मुलगा शिकवणारा जुना ऑपरेटर, यांच्या बाबतीत मात्र जपा. दर नगामागे पैसे लावण्यापेक्षा चांगलं हत्यार, शिकायची संधी, गिऱ्हाइकाच्या भेटीला सोबत नेणं हे त्यांना जास्त भिडतं. कायझेनच्या (कामात छोट्या-छोट्या सुधारणा करण्याच्या) सूचनांनाही दर सूचनेमागे पन्नास रुपये ठेवले, की महिन्याला दोनशे सूचना येतात. त्यात अमलात आणण्यासारख्या पाच. पैसे अमलात आलेल्या सूचनेलाच, आणि वाचलेल्या रकमेच्या प्रमाणात द्या.

सेल्सचा इन्सेंटिव्ह कशावर ठेवावा?

बिलिंगवर नको, वसुलीवर ठेवा. बिलिंगवर ठेवला तर ३१ मार्चला डिस्ट्रिब्युटरच्या गोडाउनमध्ये माल कोंबला जातो आणि एप्रिलमध्ये परत येतो. एकच आकडा लावला की माणूस कुठवर जातो हे अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने दाखवलं. दर गिऱ्हाइकामागे जास्तीत जास्त खाती उघडायचा दबाव होता. कर्मचाऱ्यांनी गिऱ्हाइकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. तोपर्यंतच्या काही वर्षांत सुमारे ५,३०० जणांची नोकरी गेली होती.

ऑफिसमधल्या रेटिंगचं काय?

पगारवाढीचं बोलणं आणि कामावरचं बोलणं वेगवेगळ्या दिवशी करा. एकाच बैठकीत आकडा सांगितला, की पुढचं कुणी ऐकत नाही. ठरावीक टक्के लोकांना तळाचं रेटिंग द्यायलाच लागेल, ही पद्धत मायक्रोसॉफ्टनेही २०१३मध्ये सोडली. लहान टीममध्ये तर ती अन्यायच करते: सहा चांगल्या माणसांतलं एक तळाला टाकायचं कसं?

इन्सेंटिव्हवर पीएफ लागतो का?

जास्तीच्या कामाशी खरोखर बांधलेला असेल तर मूळ वेतनात धरला जात नाही. सगळ्यांना दरमहा सरसकट मिळणाऱ्या रकमेला नुसतं ‘इन्सेंटिव्ह’ नाव दिलं असेल तर लागतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केलं. वेतन संहितेत वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर जास्तीचा भाग वेतनात मिळवला जातो, तेही तपासा.

ठेकेदाराच्या कामगारांना योजनेत घ्यायचं का?

एकाच लाइनवर असतील तर घ्याच. निम्म्या हातांना पैसे आणि निम्म्यांना नाहीत, तर लाइन दुसऱ्या निम्म्यांच्या वेगाने चालते. वार्षिक बोनस त्यांनाही लागू आहे. ठेकेदाराने दिला नाही तर जबाबदारी तुमच्यावर येते. त्यामुळे त्याचं बिल मंजूर करण्याआधी बँकेत जमा झाल्याची यादी मागा.

चालू योजना बंद करायची किंवा बदलायची असेल तर?

सेवाशर्तीत मोडणारी सवलत काढून घ्यायची तर कामगारांना २१ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. संघटनेशी करार असेल तर करारातली मुदत पाळा. वर्षानुवर्षं, तोट्याच्या वर्षातही, सारख्या दराने दिलेली सणाची रक्कम कोर्टात रूढ बोनस ठरू शकते. म्हणून नवी योजना सुरू करतानाच कागदावर लिहा: ‘सहा महिन्यांसाठी प्रायोगिक, नंतर आढावा.’ आणि तो आढावा खरंच घ्या.

योजना चालते आहे हे कसं ओळखायचं?

सगळीकडे एकदम सुरू करू नका. एक लाइन तीन महिने चालवा, शेजारची तशीच ठेवा. दोन्हींचे चांगले नग, रिजेक्शन, इन्सर्टचा खर्च, न सांगता झालेले खाडे आणि छोटे-मोठे अपघात आठवड्याला लिहा. नग वाढले पण इन्सर्टचा खर्च दुप्पट झाला असेल, तर ती वाढ नव्हे. पैसे पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत, पगाराच्या पावतीवर वेगळ्या ओळीत दाखवा.

मग पाच ऑपरेटरना, सुपरवायझर जवळ नसताना विचारा: ‘मागच्या महिन्यात इन्सेंटिव्ह किती आला, आणि तेवढाच का?’ पाचपैकी तिघांना चहाच्या कागदी कपावर हिशेब मांडता आला, तर पुढच्या लाइनवर जा. नाही आला, तर दराला हात लावण्याआधी बोर्डावरचा तक्ता सोपा करून पुन्हा लावा.